दुपारचा पहारा

आमचे नाना भजनाला जायचे तेसुद्धा बंदोबस्ताला निघाल्यासारखे. धोतर कडक, टोपी सरळ, कपाळी बुक्का आणि पायात नोकरीतले तपकिरी बूट. धोतराखाली बूट बघून गल्लीतल्या बायका पदराआड हसत, पण निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडले नाहीत. सकाळी आधी देवपूजा, मग बुटांना पॉलिश, मग पेटी. आई म्हणायची, "देव, बूट आणि पेटी. माझा नंबर चौथा." ती हे हसून म्हणायची, पण नेहमी म्हणायची.

नाना म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले. धुळ्याला पोलीस शिपाई म्हणून लागले आणि जळगावात फौजदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात बदल्यांमागे आमचं बिऱ्हाड फिरलं आणि प्रत्येक वेळी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी पेटी चढायची, गोधडीत गुंडाळून. धुळ्याच्या पोलीस लाईनीत भिंती पातळ. पहाटे परेडला जाण्याआधी ते त्याच गोधडीखाली हात घालून पेटी वाजवायचे, म्हणजे शेजाऱ्यांची झोपमोड नको. मला सूर त्यांनीच शिकवले. शिकवताना बोटावर पट्टी मारायचे आणि म्हणायचे, "सूर आणि पॉइंट, दोन्ही सोडायचे नसतात."

पॉइंट म्हणजे बंदोबस्तात नेमून दिलेली जागा. ती सोडायची नाही, बदली येईपर्यंत. बदली म्हणजे पुढचा माणूस. हे शब्द मला अक्षरओळख होण्याआधीपासून माहीत होते.

त्यांची ठाण्यातही भजनं चालायची. संध्याकाळी दिवा लावला की टेबलावर ठेका धरून ते अभंग म्हणत आणि कोठडीतले लोक मागून सूर ओढत. एक जण म्हणे सुटताना म्हणाला होता, "साहेब, आणखी दोन दिवस ठेवा ना, चाल अर्धीच बसली." हा किस्सा नाना फार रंगवून सांगत. आम्ही पोटभर हसायचो. घरात नसलेल्या माणसाच्या अशा गोष्टी छान असतात. दिवाळीला ते नाहीत, गणपतीला नाहीत, माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला नाहीत. सगळ्या जगाचे सण नीट पार पडावेत म्हणून आमचे सण त्यांच्यावाचून व्हायचे.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात कोणी सांगत नसे. मी पाच-सहा वर्षांची असताना धुळ्याला आई बाळंतपणात अडली. नाना त्या वेळी सरकारी तिजोरीच्या गार्डवर होते. शेजारचे काका सायकल मारत त्यांच्याकडे गेले आणि उत्तर घेऊन आले. अक्षर न् अक्षर मला आठवतं, "बदली उनी का येस." बदली आली की येतो. बदलीची गाडी कुठेतरी बंद पडली होती. नाना आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगा होता, रडलाच नाही. नाना खाकी कपड्यांत दारात उभे होते आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या दिवसापासून आईने त्यांना "कधी येणार?" हा प्रश्न विचारणं सोडलं. मोठी झाल्यावर माझ्या हे लक्षात आलं. इतर बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, माझी आई फक्त डबा हातात द्यायची.

निवृत्तीनंतर नानांनी जळगावात रेल्वे लाईनीपलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं. जवळच मारुतीचं देऊळ होतं, पुढे पत्र्याची शेड. तिथे त्यांनी भजनी मंडळ उभं केलं आणि दर चैत्रात हनुमान जयंतीला संपेल असा अखंड नामाचा सप्ताह सुरू केला. सप्ताहाचा नियम असा की सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. रात्र नाही, दिवस नाही, कोणाच्या तरी गळ्यात ती असलीच पाहिजे. एकाने देवापुढे उभं राहून तार छेडत नाम घ्यायचं, त्याचा पहारा संपला की दुसऱ्याने घ्यायची. देताना वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, बुक्का लावायचा आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. वय, जात, हुद्दा काही बघायचं नाही. वीणा ज्याच्या गळ्यात, तो देवाच्या जागी.

आता मला सांगा, जन्मभर पहारे लावलेल्या माणसाला याहून गोड काम कुठलं? देवळाच्या फळ्यावर खडूने नाना पहारे लिहीत आणि ऐन दुपारचा, जो कोणालाच नको, तो स्वतःकडे घेत. चैत्रातल्या जळगावात दुपारी कावळासुद्धा उडत नाही. पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं.

एका वर्षी मी म्हटलं, दुपारी पुरुष मिळत नाहीत, तर आम्हा बायकांना द्या की एखादा पहारा. आम्ही भाकऱ्या थापतोच आहोत, उभ्याही राहू. नाना फळ्याकडे बघत म्हणाले, "बंदोबस्त मी लावतो. बायकांना पॉइंट नाही." मला सूर शिकवणारा हाच माणूस! मला एवढा राग आला की मी त्या संध्याकाळी जेवलेच नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "त्यांच्याशी भांडून मी थकले. तू तरुण आहेस, भांड."

ही पुढची गोष्ट नव्वदच्या आसपासची. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, नवरा औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहत होतो. सप्ताहासाठी मी माहेरी आले होते. आईला त्या वर्षी अधूनमधून छातीत दुखायचं. ती ते पित्तावर ढकलायची.

त्या दिवशी संध्याकाळच्या कीर्तनाचे महाराज दोंडाईच्याहून येणार होते. त्यांना टाळ-मृदंगात आणायचं म्हणून मंडळाचे यच्चयावत पुरुष स्टेशनवर गेले होते, आणि पॅसेंजर नेहमीप्रमाणे लेट होती. देवळात पहाऱ्यावर नाना आणि सोबतीला एक ऐंशीच्या घरातले आबा. आबांचे हात सतत कापायचे, काठीशिवाय उभं राहवत नसे, पण बसून टाळ मात्र धरायचे. नानांनंतरचा पहारा होता आमच्याच गल्लीतल्या रिक्षावाल्या भाऊंचा, म्हणून ते तेवढे घरी थांबले होते. मी मागच्या चुलीपाशी बायकांबरोबर कणीक मळत होते. आई ताक आणायला घरी गेली होती.

शेजारची अक्का धावत आली ती थेट चुलीपाशी. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"तुनी माय पडनी व! दारमाच पडनी. घाम घाम व्हई गयी. भाऊना रिक्षामा टाकीसन दवाखानामा लई गयात."

मला आधी कळेचना. मग कळलं. तशाच कणकेच्या हातांनी मी देवळात धावले. नाना देवापुढे उभे, डोळे मिटलेले, बोट तारेवर. "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." मी ओरडून सांगितलं. आई पडली, छातीला हात लावून पडली, सरकारी दवाखान्यात नेलं, चला.

त्यांनी डोळे उघडले. चेहरा पांढरा पडला. पण बोट थांबलं नाही. दोन नामांच्या मध्ये त्यांनी हळूच म्हटलं, "तू जाय. बदली उनी का मी येस."

मी एकटी जाऊ शकत होते. शहाणी मुलगी गेलीच असती. पण ते शब्द कानावर पडले आणि माझं डोकं फिरलं. मी जागची हलले नाही. चिडले की माझ्या तोंडात अहिराणीच येते.

"तुमनी बदलीच तिले लई गयेल शे, नाना! तो रिक्षावाला भाऊच घेऊन गेला तिला. कोण येणारेय आता? सगळे स्टेशनवर आहेत!"

तार वाजत राहिली. आबा कापऱ्या हाताने टाळ धरून आमच्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्यात वीणा देण्यात अर्थ नव्हता, ती पडलीच असती. चुलीवरच्या बायका येऊन खांबांपाशी उभ्या राहिल्या. मला तर वाटत होतं की तिकडे या क्षणी आईचा श्वास चाललाय की नाही, आणि इथे हा माणूस तार छेडतोय. ती वीणा ओढून भिरकावून द्यावी असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मग जे आईने आयुष्यात कधी बोलून दाखवलं नाही ते मी बोलले.

"धुळ्यालाही तुम्ही हेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "हेच शब्द. त्या वेळी बाळ गेलं. आज कोण जायचं बाकी आहे?"

तार थांबली. नाम थांबलं नाही, ओठ हलत होते, पण तार थांबली. नाना माझ्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच कळलं की ते विसरले नव्हते. मी समजत होते की त्यांना विसर पडलाय. पडला नव्हता. तो खाकीतला माणूस त्या दारातून आत आलाच नव्हता.

"हात धुई ये," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"हात धुई ये. लवकर."

मी रांजणावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, परत आले. आबा काठीवर जोर देऊन अर्धे उठले होते. "फौजदार, बाईमाणूसना गळामा वीणा?"

"बंदोबस्त मना शे, आबा," नाना म्हणाले. आवाज अगदी ठाण्यातला.

त्यांनी गळ्यातून वीणा काढली, माझ्या गळ्यात घातली. पट्टा त्यांच्या घामाने ओला होता. बुक्क्याच्या वाटीत बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं. मी म्हटलं, "झालं, आता जा." ते गेले नाहीत. त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि गुडघे टेकले.

मी मागे सरकले. बापाने माझ्या पाया पडायचं? मी ओरडले, "नाना, वेळ नाहीये! जा ना!"

"पाय मांगे लेवू नको," ते खालूनच म्हणाले. "चार्ज पुरा व्हऊ दे."

आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नुसतं टेकवल्यासारखं नाही, पुरतं. त्यांचं कपाळ तापलेलं होतं. माझ्या पायांवर कणकेचे शिंतोडे वाळले होते. जन्मभर मी त्यांच्या पाया पडत आले होते, परीक्षेला जाताना, लग्नात, प्रत्येक वेळी दीपनगरला परत निघताना. त्यांचा टक्कल पडलेला माथा मी वरून कधीच पाहिला नव्हता. मला रडू फुटलं, राग होताच, आणि दोन्ही एकदमच येत होतं. तरी मी तार छेडली, कारण नाम तुटायला नको होतं.

ते उठले आणि पळाले. नानांना पळताना मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात धरून ते उन्हातून नाक्याकडे गेले, रिक्षा बघायला. पायरीवर त्यांचे तपकिरी बूट तसेच राहिले.

मग मी आणि ती वीणा. दुसऱ्या कोणाच्या हातातली वीणा हलकी दिसते. थोड्या वेळाने पट्टा मानेत रुतायला लागला, घाम डोळ्यांत उतरायला लागला आणि पत्रा वरून तडतड वाजत होता. माझं लक्ष नामात कुठलं! मी मारुतीकडे बघून नाम घेत होते आणि मनात एकच घोकत होते, पोचले असतील का, पोचले असतील का. दवाखान्यात काय झालं हे सांगायला कोणीही येऊ शकत होतं आणि कोणीच येत नव्हतं. एकदा तर वाटलं, ठेवावी ही खाली आणि जावं पळत. देव काय खाणार आहे मला? पण हात ते करेनात. जिने त्यांच्यावर एवढा आरडाओरडा केला, तिलाच ती खाली ठेवता येत नव्हती. मला त्या वेळी नाना कळले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मानेला काय होत असेल तेवढं कळलं.

अक्काने खांबाला लटकवलेले टाळ काढले आणि माझ्या मागे उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. आबांनी बराच वेळ मान फिरवून ठेवली होती. पुढे त्यांच्याही टाळाचा आवाज येऊ लागला, कापरा, पण तालात.

शेवटी लांबून मृदंग ऐकू आला. मंडळी महाराजांना घेऊन गुलाल उधळत आली आणि शेडच्या तोंडाशी येऊन सगळा आवाज बंद पडला. माझ्याकडे बघत उभे. मंडळाचे एक तरुण चिटणीस होते, त्यांचा पारा चढला. "वीणा कोणी दिली हिला? फौजदार कुठे आहेत?"

मी नाम सोडून उत्तर देऊ शकत नव्हते. माझ्या वतीने आबा बोलले. तेच आबा.

"फौजदारनी दिनी," ते म्हणाले. "कायदामा दिनी. पाया पडीसन दिनी."

कोणी हललं नाही. आता भांडण होणार, आणि त्यात माझा किती वेळ जाणार! महाराज पुढे आले. उतारवयाचे, प्रवासाने दमलेले, धुळीने भरलेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. देवळात आल्यावर विणेकऱ्याला करायचा तो नमस्कार त्यांनी केला आणि हातपाय धुवायला पाणी मागितलं. झालं.

चिटणिसांनीच माझ्याकडून वीणा घेतली. मी त्यांच्या गळ्यात घातली, बुक्का लावला आणि पुरती वाकून पाया पडले. नानांनी चार्ज पुरा केला होता, मी अर्धा कशाला करू? मग कोणाच्या तरी लुनावर मागे बसून दवाखाना गाठला.

आई कॉटवर डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन. छाती वरखाली होत होती, ते बघितलं आणि मी दारातच बसले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, धोका टळलाय, पण आता सांभाळा. नाना कॉटशेजारी स्टुलावर होते. त्यांच्या तळव्यांना डांबर चिकटलेलं होतं आणि टाचेवर फोड आले होते. मला बघून ते उठून उभे राहिले.

"वीणा?"

"रीतसर दिली, नाना. खाली ठेवली नाही."

त्यांनी मान हलवली आणि परत बसले. आईचा हात त्यांच्या हातात होता. चारचौघांत त्यांनी तो धरलेला मी कधी पाहिला नव्हता, पण त्यांना ते कळतच नव्हतं.

ऊन उतरल्यावर आईची लुगडी आणि तांब्या-भांडं आणायला मी घरी निघाले. रिक्षावाले भाऊ सगळा वेळ दवाखान्यातच थांबले होते, तेच सोडायला आले. वाटेत ते हसत सांगू लागले, "तुमच्या आईची कमाल आहे हां. सुई टोचल्यावर डोळे उघडले, समोर नाना उभे. अनवाणी, धापा टाकत. त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्या अवस्थेतही चेष्टा करतात, 'आज लवकर उनात तुम्ही.'"

आज लवकर आलात. भाऊंना ती चेष्टाच वाटली होती. त्यांना धुळ्याचं काय ठाऊक.

"मग नाना काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. रडायला लागले," भाऊ म्हणाले. "एवढा मोठा फौजदार, लहान मुलासारखा."

मी त्यांना देवळापाशी रिक्षा थांबवायला सांगितली. आत चिटणिसांचा पहारा चालू होता. पायरीवर नानांचे बूट उन्हाने तापून पडले होते. ते मी पदरात घेतले आणि आम्ही घरी गेलो.